दुसरं बोलावणं

आमच्याकडे जेवायला बोलावलेला माणूस पहिल्या निमंत्रणावर येत नाही. आदल्या दिवशी त्याच्या घरी जाऊन अक्षत द्यायची, "उद्या आमच्याकडे प्रसादाला यावं" म्हणायचं. दुसऱ्या दिवशी पानं मांडून झाली, की घरातल्या कुणीतरी पुन्हा त्याच्या दाराशी जाऊन सांगायचं, "पानं मांडली आहेत, चलावं." हे दुसरं बोलावणं आल्याशिवाय निमंत्रित उंबरा ओलांडत नाही. पुण्याकडून येणारे पाहुणे हे ऐकून हसतात, फोन नाहीत का तुमच्याकडे, म्हणतात. हसू देत. काशीतल्या मराठी घरांनी पिढ्यान्पिढ्या जे काही जपलंय, त्यात कामाच्या गोष्टी थोड्या आणि असल्या भानगडीच जास्त.

या भानगडींचे राजे म्हणजे विष्णुभाऊजी. माझ्या यजमानांचे बालमित्र. पाठशाळेत ज्योतिष शिकवून निवृत्त झाले आणि संकठा घाटाच्या पायऱ्यांना लागून असलेल्या तळमजल्याच्या खोलीत एकटे राहायचे. माझ्या वैदेहीच्या बारशाला त्यांना दुसरं बोलावणं द्यायला गेलेला माणूस वाटेत लस्सी प्यायला थांबला आणि गप्पांत काम विसरला. विष्णुभाऊजी तिन्हीसांजेपर्यंत सोवळं नेसून खोलीत बसून राहिले. उपाशी. त्यांची बायको, आमच्या इरावतीवहिनी, शहाणी बाई. ती वेळेवर येऊन, जेवून, बाळाला काजळ लावून गेली होती.

घड्याळाचंही तसंच. त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ सगळ्या देशाच्या दोन मिनिटं पुढे. विचारलं, तर म्हणणार, "सरकारी वेळ मिर्झापूरच्या रेषेवरची आहे. आपण मिर्झापूरला राहतो का? काशीत सूर्य आधी येतो." मी कँट स्टेशनवर आरक्षणाच्या खिडकीत नोकरी केलेली. गाडी काशीच्या सूर्यावर सुटत नाही, असं मी त्यांना पुष्कळदा ऐकवलंय. ते नुसते हसायचे. या माणसावर रागावणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.

आमच्या यजमानांच्या मागे आणि इरावतीवहिनींच्या मागे आम्ही दोघं आपापल्या घरात उरलो. मी वर मंगला गौरीच्या देवळाजवळ, ते खाली संकठा घाटावर. मधे वैदेही. तिला अंक त्यांनीच शिकवले, ग्रहणं दाखवून. ती मोठी होऊन इंजिनिअर झाली आणि आता पुराची सूचना देणाऱ्या केंद्रात काम करते. घाटावरच्या मल्लाहांच्या होड्यांमध्ये आणि खालच्या घरांमध्ये त्यांनी छोट्या पेट्या बसवल्यात. केंद्रातून बिनतारी निरोप निघतो, सगळ्या पेट्या तो एकदम ऐकतात आणि मोठ्याने बोलून दाखवतात, की पाणी चढतंय, वर या. पेटी फक्त ऐकते. उलट काही कळवत नाही.

मागल्या पावसाळ्यात या पेट्यांनी वैदेहीचं नाक कापलं. ऐन सणाच्या सकाळी सगळ्या पेट्या ओरडल्या, पाणी येतंय, वर या. मल्लाहांनी उतारू उतरवून नावा वर ओढल्या. विष्णुभाऊजींचं सामान चार जणांनी उचलून धावत वर आणलं. त्या गडबडीत इरावतीवहिनींनी तुपाच्या डब्यात लावलेली जाई पायऱ्यांवरून गडगडत गेली आणि मोडली. पाणी आलंच नाही. कुणीतरी केंद्राच्या नावाने खोटा निरोप सोडला होता. कोणी, ते आजतागायत कळलेलं नाही. मल्लाह महिनाभर वैदेहीला पाहून तोंड फिरवत होते. विष्णुभाऊजी तिला एका शब्दाने बोलले नाहीत. तो रिकामा डबा मात्र त्यांनी दारात तसाच ठेवला. पोरीला तो डबाच जास्त लागला.

पुढचे कितीतरी महिने ती जेवताना सुद्धा कुठेतरी हरवलेली असायची. मग एके दिवशी मी पीठ चाळत होते, तेव्हा ओट्याला टेकून सांगायला लागली.

"आई, गडबड कुठे होती माहितीये? निरोप एक, ऐकणारे शेकडो. सगळ्यांना मी एकच परवलीचा शब्द दिलेला. मग त्यातला कोणीही माझ्या नावाने बोलू शकतो ना."

"मग देऊ नकोस शब्द."

"नाही दिला तर ते ओळखतील कसं, की मीच बोलतेय?" ती खुशीत होती. "म्हणून आता उलटं केलंय. पहिले निरोप जाईल, गुप्त शब्दाची मोहर लावून. पेटीवर पिवळा दिवा लागेल. मतलब, निरोप आलाय, पण थांबा. मिनिटभराने मी तो शब्द सगळ्यांना उघड सांगून टाकणार. पेटी मोहर तपासणार. जुळली तर हिरवा."

"उघड सांगितलास, की उद्या चोर वापरेल तो."

"वापरू दे की! तोपर्यंत त्या शब्दाची वेळ संपलेली. संपलेल्या शब्दाची मोहर लावून काही आलं, तर पेटी घड्याळ बघते आणि म्हणते, उशीर केलास बेटा. सीधा लाल."

आयुष्यभर खिडकीबाहेरच्या माणसांच्या थापा ऐकल्या आहेत मी. इतक्यात सोडते की काय! "आणि तो उघड सांगितलेला शब्द तरी तुझाच कशावरून? चोरानेच एखादा सांगितला तर?"

ती म्हणाली, की प्रत्येक शब्द पुढच्या शब्दातून निघतो. आज आलेल्या शब्दावरून कालचा काढता येतो, उद्याचा नाही. मला डोकंफोड वाटली. मग हातातल्या चाळणीकडे लक्ष गेलं.

"म्हणजे दळण," मी म्हणाले. "गव्हाची भरड होते, भरडीचा रवा, रव्याचं पीठ. पिठाचा गहू होत नाही. तू लोकांना आधी पीठ देऊन ठेवलंयस. उद्या रवा देशील. त्यांनी तो दळायचा आणि घरच्या पिठाशी ताडून बघायचा."

वैदेही माझ्याकडे बघतच राहिली आणि पिठाच्या हातांसकट मला मिठी मारली. मी तिला झिडकारलं, ओट्यावर पीठ सांडलं म्हणून. बरं वाटलं होतं, ते सांगायला कशाला हवं!

"पण एक आहे आई," ती जाता जाता म्हणाली. "निरोप खरा की खोटा, ते ही पेटी नाही सांगत. फक्त कोणाचा आहे ते सांगते. मी स्वतः चुकले, तर माझी चूकही हिरवी होऊनच येईल."

"मग काय उपयोग?"

"तू काय करतेस? आधी बघतेस कोण बोलतंय. काय बोलतंय, ते नंतर."

विष्णुभाऊजींच्या कोनाड्यात नवी पेटी बसवायला आम्ही दोघी गेलो. वैदेहीने पिवळ्या-हिरव्याची सगळी कथा सांगितली. मल्लाहांनी तिला, "मिनिट भर काहे रुकें?" म्हणून भंडावलं होतं. विष्णुभाऊजींना समजवावंच लागलं नाही.

"अगं, हे तर आमंत्रण आणि बोलावणं," ते म्हणाले. "पिवळा म्हणजे अक्षत. हिरवा म्हणजे पानं मांडली. इतकी वर्षं तुझी आई मला हसली, आणि तू तेच यंत्रात घातलंस!" त्यांचा चेहरा असा फुलला होता, की मी टोमणा गिळला.

"काका, प्रॉमिस करा. हिरवा झाला की सगळं सोडून थेट आईकडे यायचं. आणि लाल असेल, तर दुनिया ओरडली तरी जागचं हलायचं नाही. परत तुमची काही चीज माझ्यामुळे मोडायला नको."

"दिलं वचन," ते म्हणाले. पेटीवर वेळेचे आकडे होते, ते चुकले तर लावून घ्यायला बाजूला एक बटण. विष्णुभाऊजींनी चष्मा कपाळावर सरकवून ते आकडे पाहिले, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मी तेव्हा ते मनावर घेतलं नाही.

यंदा भाद्रपदात गंगा चढलेलीच होती. गौरीजेवणाचे ब्राह्मण म्हणून दरवर्षीप्रमाणे मी विष्णुभाऊजींना आदल्या दिवशी अक्षत देऊन आले. सकाळी पुरण शिजत घातलं आणि कणीक तिंबायला घेतली, तोच वैदेहीने आमच्या स्वयंपाकघरातही ठेवलेली पेटी वाजली. पिवळा. वैदेहीचाच आवाज भरलेला होता तिच्यात. वरून पाणी सोडलंय, दुपारच्या आत खालच्या घरांत शिरेल, वर या. मी हात तसाच परातीत ठेवून उभी राहिले. अशा वेळी मिनिट फार लांब असतं, मल्लाहांचंही चुकत नव्हतं. मग हिरवा.

खिडकीतून लल्लन मल्लाहाची हाक ऐकू आली, "बत्ती हरी हो गयी, नाव ऊपर!" पाठोपाठ नावा ओढणाऱ्या माणसांचा गलका. मला पोरीचा असा अभिमान वाटला, की डोळे भरून आले. मल्लाहांनी तिचं ऐकलं होतं.

हात न धुताच मी दारात जाऊन उभी राहिले. विष्णुभाऊजी निघाले असतील, आता कोपऱ्यावर दिसतील. गल्लीतून लोक पोरंबाळं, गाठोडी, शेळ्या घेऊन वर येत होते. विष्णुभाऊजी त्यांच्यात नव्हते. मी थोडी थांबले, मग जास्त थांबले. वैदेहीला फोन लावला. गावभर सगळे तिथेच लावत असणार. लागेना. गॅस बंद केला, चपला घातल्या, आणि वर येणाऱ्या गर्दीतून एकटी खाली निघाले. गुडघे कुरकुरत होते. त्यांना म्हटलं, आज नाही.

संकठा घाटाच्या वळणावर नाल्यातून पाणी उलटं येत होतं. घोट्यापर्यंत पाण्यातून मी त्यांच्या दाराशी पोचले. दार उघडं होतं. विष्णुभाऊजी आंघोळ करून, सोवळं नेसून, पाटावर शांत बसलेले.

"वहिनी, तुम्ही स्वतः?" ते म्हणाले. "इतक्या लवकर पानं मांडली?"

"कसली पानं!" मी ओरडले. "पुरण अजून वाटायचंय, भाताला आधण नाही. पूर येतोय, भाऊजी! हिरवा झाला, आला का नाहीत?"

त्यांनी कोनाड्याकडे बोट केलं. पेटीवर लाल दिवा होता.

"कुणीतरी परत तिच्या नावाने खोटं बोलतंय," ते म्हणाले. "पोरीला केवढा त्रास होईल."

"माझ्याकडे हिरवा आहे. सगळ्यांकडे हिरवा आहे!"

"माझ्याकडे लाल आहे. आणि लाल असेल तर हलायचं नाही, असं वैदेहीला वचन दिलंय मी. मागच्या वेळी सगळे धावले म्हणून मीही धावलो. बिचारीने स्वतःला किती दिवस दोष दिला, पाहिलंत ना? आता मी तिच्या पेटीचं ऐकलं नाही, तर कोण ऐकणार?"

मी पाणी दाखवलं. ते म्हणाले, भाद्रपदात पाणी चढायचंच, इतक्या वर्षांत उंबऱ्याच्या आत कधी आलेलं नाही. मी फोन पुन्हा लावला. लागला नाही. मी रडकुंडीला आले, मग चिडले, मग हात जोडले. त्यांनी कसनुसं होऊन डोळे मिटून घेतले, पण उठले नाहीत. हट्ट असता तर मी त्यांना शिव्या घालून उठवलं असतं. तो हट्ट नव्हता. माझ्या पोरीवरची माया होती, आणि त्या मायेपायी हा माणूस बसल्या जागी बुडणार होता. मला त्या क्षणी खरंच भीती वाटली. आणखी एक जवळचं माणूस गेल्यावर मी काय करायचं?

दारातल्या रिकाम्या डब्याला पाणी लागलं आणि तो हलला.

मी बाहेर गेले. उंबऱ्याच्या पलीकडे, पाण्यात उभी राहिले. ओल्या पदराचं टोक डोक्यावरून घेतलं, हात जोडले आणि इरावतीवहिनी असतानापासून ज्या आवाजात म्हणत आले त्याच आवाजात म्हणाले, "विष्णुभाऊजी, पानं मांडली आहेत. चलावं."

त्यांनी डोळे उघडले. माझ्या हातांवर कोरडी झालेली कणीक होती. ती त्यांनी पाहिली. पुरण वाटायचंय, हे मीच आत्ता त्यांना ओरडून सांगितलं होतं.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "हे बोलावणं खोटं आहे."

"हो," मी म्हणाले. "साफ खोटं आहे."

त्यांनी एकदा कोनाड्यातल्या लाल दिव्याकडे पाहिलं.

"वैदेही म्हणाली होती," ते म्हणाले, "की ही पेटी निरोप खरा की खोटा, ते सांगत नाही. कोणाचा ते सांगते."

"म्हणाली होती."

"तुमचा आहे ना हा?"

"माझा आहे, भाऊजी."

"मग झालं," म्हणाले, आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. कोनाड्यातली पेटी तेवढी काखेत मारली. लाल झालेली वैदेहीला दाखवायची होती म्हणून. बाकी कशालाही हात लावला नाही. वळणावर पाणी गुडघ्याला आलं होतं. सोवळ्यातल्या माणसाला शिवायचं नाही, म्हणून मी जरा लांबून चालत होते. त्यांनीच मागे वळून हात पुढे केला. तो मी घट्ट धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

आम्ही घरी पोचलो त्यानंतर थोड्याच वेळात लल्लन सांगत आला, की संकठा घाटाच्या त्या ओळीत छातीभर पाणी आहे. विष्णुभाऊजी पुढच्या खोलीत बसले होते. त्यांनी ऐकलं आणि काखेतली पेटी मांडीवर घेतली.

माझे न लागलेले फोन पाहून वैदेही केंद्रातून धावतच आली. त्यांना समोर बघून तिचा जीव भांड्यात पडला. मग तिने पेटी पाहिली, वरचे आकडे पाहिले, आपल्या मोबाइलशी ताडले. तिचा चेहरा पांढरा पडला.

"काका, याचं घड्याळ कोणी फिरवलं?"

"फिरवलं नाही, बरोबर केलं," विष्णुभाऊजी म्हणाले. "मिर्झापूरचं होतं. मी काशीचं लावलं."

दोन मिनिटं. माझ्या पोरीचा खरा निरोप त्या पेटीला दोन मिनिटं उशिरा आल्यासारखा वाटला होता, संपलेल्या शब्दाची मोहर लावून कोणी फसवतंय असा. म्हणून त्या बिचाऱ्या पेटीने शिकवल्याप्रमाणे लाल दिवा लावला. वैदेही खाली बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडायला लागली. "माझ्या पेटीने तुम्हाला मारलं असतं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. ते बटण ठेवलंच कशाला, म्हणून स्वतःला बोल लावत होती.

विष्णुभाऊजींनी तिच्या केसांवरून हात फिरवला. मग चष्मा वर सरकवला, पेटीचं बटण शोधलं, आणि तिच्या मोबाइलकडे बघत बघत आकडे मागे आणले. ज्या माणसाने लग्नाचा मुहूर्तही सरकारी वेळेवर धरला नव्हता, त्याने.

"हं," म्हणाले. "राहू दे मिर्झापूरचं. तुझा निरोप वेळेवर यायला हवा. ऊठ, नाक पूस."

मी स्वयंपाकघरात गेले, कारण तिथे उभं राहणं मला शक्य नव्हतं. पुरण वाटलं, पोळ्या लाटल्या, गौरींना नैवेद्य दाखवला. ऊन कलायला आलं होतं. वैदेहीने पानं मांडली, रांगोळी काढली आणि पुढच्या खोलीत जाऊन म्हणाली, "काका, चला ना, भूक लागली असेल." ते जागचे हलले नाहीत. तिने माझ्याकडे पाहिलं.

मला कळलं. हात स्वच्छ धुतले, पदर डोक्यावरून घेतला, आणि चार पावलांवरच्या त्या खोलीच्या उंबऱ्याशी जाऊन उभी राहिले. "विष्णुभाऊजी, पानं मांडली आहेत. चलावं."

यावेळी ते लगेच उठले. पाटावर बसले, पानाभोवती पाणी फिरवलं, आणि पहिला घास घेण्याआधी माझ्याकडे पाहिलं.

"एका जेवणाला दोनदा बोलावणं," ते म्हणाले. "माझं आता घर नाही, वहिनी. पण असा मान काशीत आणखी कुणाला मिळाला असेल, असं वाटत नाही."

"घर नाही कसं?" मी म्हणाले. "पुढची खोली कुणासाठी आहे? जेवा मुकाट्याने." आणि त्यांनी नको म्हणायच्या आत दुसरी पोळी त्यांच्या पानात वाढली.